लेगोचा ट्रक हातात पळतो, जमिनीवर अडतो: मोटर बदलण्याआधी काय तपासायचं

ट्रक उचलून धरला की चाकं गरगर फिरतात. खाली ठेवला की मोटर घुमते, पोटातून टक् टक् ऐकू येतं आणि गाडी जागची हलत नाही. स्वतः आखलेल्या, मोटर लावलेल्या टेक्निक (लेगोची गिअर-दांड्यांची मालिका) ट्रकचं हे जुनं दुखणं आहे. माझ्या प्रत्येक ट्रकला ते झालं, आणि "जरा बघून दे" म्हणून आलेल्या गाड्या तर मी मोजायच्याच सोडून दिल्या. आणणाऱ्याचं निदान ठरलेलं असतं: मोटर कमी पडते, मोठी लावू. आजार म्हशीला आणि औषध पखालीला! मोटर खरोखर कमी पडलेली मी फार क्वचित पाहिली आहे. बहुतेक वेळा तिची ताकद वाटेतच कुठेतरी जिरत असते.

आधी लक्षणं

गाडी नक्की कधी अडते ते बघा, कारण अर्धं निदान तिथेच होतं.

सरळ चालते पण वळताना अडते: मागचे धुरे बघा, डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नसेल.

सपाटीवर चालते, चढावर टक् टक् करते: चासी (सांगाडा) लवते आहे किंवा कुठेतरी क्लच गिअर (भार वाढला की मुद्दाम घसरणारा) लागलाय.

पुढे नीट जाते, मागे घेताना टकटकते (किंवा उलट): मोटर किंवा मागचा धुरा एका बाजूने मोकळा आहे. मोटर चाकांना जितकं फिरवते तितकीच ती स्वतः उलट्या दिशेने पिळली जाते. दिशा बदलली की पीळही बदलतो, आणि जिथे आधार नाही तिथे दात सुटतात.

पाच-दहा मिनिटं उत्तम चालते, मग मंदावते, थोडं थांबलं की पुन्हा चालते: बॅटरी किंवा उष्णता.

टक् टक् अजिबात नाही, मोटर फक्त गुणगुणते: गाडी कुठेतरी घट्ट आवळली आहे.

एकच चाक हवेत फिरतं, बाकीची स्वस्थ: बिघाड नाही. साधं डिफरन्शियल ताकद नेहमी सोप्या वाटेने पाठवतं, आणि हवेतल्या चाकाची वाट सगळ्यांत सोपी. मागचे दोन धुरे वरखाली झुलू दिले की चाकं जमिनीला टेकलेली राहतात.

मोटरवर संशय घेण्याआधी थोडं गणित

हे मी मुद्दाम इथे आणलंय. ते एकदा केलं की पुढच्या तपासण्या चिकाटीने होतात.

समजा ट्रक २ किलोचा आहे आणि त्याला १० अंशांचा चढ चढायचाय. उतारावरून त्याला मागे खेचणारं बल साधारण ३.४ न्यूटन. टायर ६२.४ मिमी व्यासाचा असेल तर त्रिज्या ३.१ सेंमी, म्हणजे चाकांवर साधारण १०.५ न्यूटन-सेंटिमीटर पीळ (फिरवण्याचा जोर) हवा. टायरचं घर्षण वगैरे धरून १५ म्हणा. पॉवर फंक्शन्सची (लेगोची जुनी मोटर मालिका) एक्सएल मोटर पूर्ण अडवून धरली तर साधारण ४० न्यूटन-सेंटिमीटर देते. तिला तेवढं दमवायचं नाही. १५ वर चालवली आणि १:३ चा गिअर (मोटरच्या तीन फेऱ्यांत चाकाची एक) लावला तर चाकांपर्यंत ४५ यायला हवेत. निम्मे घर्षणात गेले तरी २२ उरतात, आणि हवेत फक्त १५.

तरीही गाडी अडत असेल तर घर्षण निम्म्याहून जास्त खातंय, किंवा दातच एकमेकांवरून उड्या मारतायत. मोठी मोटर लावून यातलं काहीच बरं होत नाही. उड्या उलट जोरात बसतात.

पहिली तपासणी: बॅटरी आणि जोडण्या

दोन मिनिटांचं काम आहे, म्हणून आधी हेच. बॉक्समध्ये सहा एए सेल असतात. अल्कलाइन नवे असतील तर एकूण ९ व्होल्ट. रिचार्जेबल निकेल सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे, म्हणजे सहांचे ७.२. वेग यामुळे थोडा कमी होणारच, ते बिघाडाचं लक्षण नाही. पण दाब पडल्यावर निकेल सेल बरेचदा जास्त तग धरतात, त्यामुळे जड ट्रकला मी तेच वापरतो.

मल्टिमीटर असेल तर व्होल्टेज गाडी चालू असताना मोजा. नुसत्या बसलेल्या सेलवर आकडा छान दिसतो आणि फसवतो. सहांपैकी एक सेल मेलेला असला तरी बाकीचे पाच त्याला ओढत बसतात, म्हणून जुने-नवे सेल कधीच एकत्र घालू नका. बॉक्सची स्प्रिंग आणि पट्ट्या कोरड्या कापडाने पुसा. एकावर एक रचलेले प्लग दाबून बघा, गाडीच्या हादऱ्याने ते अर्धवट सुटतात.

इन्फ्रारेड रिमोट असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: उन्हात तो नीट चालत नाही, आणि रिसीव्हरचं डोकं कॅबच्या छताखाली झाकलं गेलं तर घरातही दगा देतो. गाडी अडखळते असं वाटतं, प्रत्यक्षात आदेशच अर्धवट पोहोचत असतो. ब्लूटूथ हबला ही कटकट नाही.

थांबून थोड्या वेळाने पुन्हा चालणारी गाडी म्हणजे आतलं संरक्षण काम करतंय. विजेचा प्रवाह वाढला की ते तापतं आणि वाट अडवतं, थंड झालं की सोडतं. त्याला दोष देऊ नका. प्रवाह का वाढला ते पुढे शोधायचंय.

दुसरी: ढकलून बघा

सगळ्यांत जास्त उलगडा या फुकटच्या चाचणीतून होतो, आणि नेमकी हीच बहुतेक जण करत नाहीत.

मोटर काढा, किंवा मोटरला जोडणारा अ‍ॅक्सल (फुलीच्या आकाराची दांडी) तेवढा ओढून घ्या. आता ट्रक गुळगुळीत जमिनीवर ठेवून एका बोटाने ढकला. तो घरंगळत थोडा पुढे जाऊन हळूच थांबायला हवा. बोट काढताक्षणी जागीच थांबला तर घर्षण आहे. ढकलताना हाताला लयीत झटके जाणवले तर एखादा जॉइंट चुकीचा बसलाय किंवा अ‍ॅक्सल वाकडा आहे.

घर्षण सापडलं की अर्धं-अर्धं करत जा. प्रॉपेलर शाफ्ट (मोटरकडून धुऱ्यांकडे जाणारी लांब दांडी) मध्ये तोडा. मागची चाकं हाताने फिरवा, मग पुढचा भाग वेगळा फिरवा. जो भाग जड लागतो त्याचे पुन्हा दोन भाग करा. तीन-चार फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. एकदम सगळा ट्रक उकलायचा मोह आवरा. उकलताना तो आवळलेला तुकडा नकळत मोकळा होतो, आणि दोष कुठे होता ते कधीच कळत नाही. मी या वाटेने एक अख्खा रविवार घालवलाय. जोडल्यावर ट्रक पळाला, आणि दोन दिवसांनी पुन्हा तोच आवाज.

तिसरी: बुश, केस, मडगार्ड

अ‍ॅक्सल बाजूला सरकू नये म्हणून आपण बुश, म्हणजे छोटी कडी, लावतो आणि प्रेमाने घट्ट दाबतो. तो बीमला (छिद्रांच्या पट्टीला) चिकटला की प्रत्येक फेरीत घासतो. बुश आणि बीममध्ये कागद जाईल एवढी फट ठेवा. एका बुशचं घर्षण कमी असतं, पण सहा चाकी ट्रकमध्ये असे वीस बुश असतात, आणि तिथेच मोटरची अर्धी ताकद जाते.

याच फेरीत टायर मडगार्डला लागतो का ते बघा. फक्त उभ्या गाडीत बघून चालत नाही. वरून हाताने दाबून, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. चाकामागे गुंडाळलेले केस आणि गालिच्याचे धागे चिमट्याने काढा.

छिद्राभोवती बारीक भुकटी दिसली तर तिथला अ‍ॅक्सल बरेच दिवस घासतोय. अशा जागी तेल ओतायची सवय असेल तर ती सोडा. पेट्रोलियमचं तेल काही प्लास्टिकना खातं आणि धूळही धरतं. फारच वाटलं तर सिलिकॉन तेलाचा टूथपिकच्या टोकाएवढा थेंब पुरे. पण आवळलेला सांधा तेलाने मोकळा होत नाही, फक्त जास्त वेळ लपतो.

चौथी: छिद्रं एका रेषेत आहेत का

अ‍ॅक्सल तीन-चार बीममधून जात असेल तर तो हाताने बाहेर काढून पुन्हा घाला. ढकलावा लागत असेल तर चासी पिळलेली आहे. बहुतेकदा कॅब किंवा मागचा हौदा चढवताना कुठेतरी अर्ध्या स्टडचा (स्टड म्हणजे विटेवरची गुंडी, लेगोचं मोजमाप) फरक जबरदस्तीने बसवलेला असतो. म्हणूनच "हौदा बसवायच्या आधी मस्त चालायचा" ही तक्रार इतक्यांदा ऐकू येते. हौदा सोडा, गाडी ढकला. फरक पडला तर दोष गिअरमध्ये नाही, हौद्याच्या जोडणीत आहे.

फिरणाऱ्या सांध्यांत काळी पिन चुकून गेली आहे का तेही बघा. ती घर्षणाची पिन आहे, जागच्या जागी धरून ठेवायला बनवलेली. झुलणाऱ्या धुऱ्यासाठी किंवा स्टीअरिंगच्या दांडीसाठी फिकट राखाडी, घर्षणरहित पिन हवी. स्टीअरिंग वळून परत मध्यावर येत नसेल तर दहातल्या आठ वेळा हेच कारण निघतं.

पाचवी: टक् टक् नक्की कुठून येतं

इथे वेळ द्या. टक् टक् म्हणजे दात एकमेकांवरून उडी मारतायत, आणि उडी मारायला त्यांना एखाद्या मिलिमीटरची मोकळीक पुरते.

चाकं हाताने धरा, मोटर फक्त सेकंदभर चालू करा आणि त्या वेळी गिअरचा मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. डोळ्यांना जे नुसतं थरथरणं वाटतं ते व्हिडिओत स्वच्छ दिसतं: अ‍ॅक्सल धनुष्यासारखा वाकतो, बीम दूर सरकतो, दात सुटतात, सगळं परत येतं. सेकंदभरच म्हटलंय, लक्षात ठेवा. अडवलेली मोटर चालू ठेवणं म्हणजे तिला भाजणं.

दोन गिअर मुळात योग्य अंतरावर आहेत का, त्याचा हिशोब सोपा आहे. सरळ दातांच्या दोन गिअरच्या दातांची बेरीज करा आणि १६ ने भागा, अंतर स्टडमध्ये मिळतं. ८ आणि २४: बेरीज ३२, अंतर २ स्टड. १२ आणि २०: तेही २. ८ आणि ४०: ३. १२ आणि ३६: ३. २४ आणि ४०: ४. दोन २० दातींना मात्र अडीच स्टड लागतात, आणि तिथेच लोक "जवळपास बसतंय" म्हणून फसतात. स्टड ८ मिमीचा, म्हणजे अर्ध्या स्टडची चूक ४ मिमीची. एवढी मोठी चूक दिसते तरी. तिरक्या बीमवर जमवलेली एखाद्या मिलिमीटरची चूक मात्र दिसत नाही आणि भार पडला की बोलते.

अंतर बरोबर असेल तर आधार बघा. गिअरच्या दोन्ही बाजूंना लगेच बीम हवा. एका बाजूने लटकणारा गिअर भाराखाली पळणारच. त्याहून महत्त्वाचं, ते दोन बीम एकमेकांपासून दूर जाऊ नयेत म्हणून त्यांना आडवा तिसरा तुकडा हवा. काटकोनात भेटणाऱ्या गिअरना हे दुप्पट लागू, कारण ते एकमेकांना दोन दिशांनी ढकलतात. डिफरन्शियलभोवती मी ५×७ ची बंद चौकट वापरतो. ती लवत नाही आणि आतलं अंतर चुकवायला वावच ठेवत नाही. काटकोनासाठी अर्ध्या जाडीचे १२ दाती गिअर असतील तर पूर्ण जाडीचे दुहेरी लावा. संग्रहात जुने १४ दाती कोनी गिअर असतील तर ते आठवण म्हणून ठेवा, चालत्या ट्रकला नकोत. त्यांचे दात सहज तुटतात.

आणि एक पांढरा २४ दाती गिअर दिसला तर त्यावर २.५·५ एनसीएम असं कोरलंय का वाचा. तो क्लच गिअर. २.५ ते ५ न्यूटन-सेंटिमीटरच्या पुढे तो मुद्दाम घसरतो, मोटर वाचवायला. विंचला किंवा साध्या मोटरने वळणाऱ्या स्टीअरिंगला तो उत्तम. पण वरचं गणित आठवा: चढावर चाकांना १० हून जास्त हवेत. चाकांच्या जवळ क्लच गिअर असेल तर गाडी चढणार नाही, कितीही मोटरी लावा. दिसायला अगदी बाकीच्यांसारखाच, म्हणून डब्यातून हाताला लागतो आणि लावला जातो. मी स्वतः दोनदा लावलाय.

सहावी: पिळलेले अ‍ॅक्सल

लांब अ‍ॅक्सल बाहेर काढा आणि एका टोकाकडून बंदुकीच्या नळीत बघावं तसं बघा. दोन्ही टोकांच्या फुल्या एका रेषेत दिसायला हव्यात. दुसरी फुली थोडी फिरलेली दिसली तर अ‍ॅक्सल कायमचा पिळला आहे. तो फेकून द्या, गरम करून सरळ करायच्या फंदात पडू नका.

नवा घातला तर काही दिवसांनी तोही पिळेल. म्हणून विचार करायचा तो पिळण्याच्या कारणाचा. वेग कमी करणारे गिअर मोटरजवळ ठेवले तर कमी झालेला वेग आणि वाढलेला पीळ सगळ्या वाटेने, प्रॉपेलर शाफ्टमधून, युनिव्हर्सल जॉइंटमधून (शाफ्टला वाकूनही फिरू देणारा सांधा), डिफरन्शियलमधून वाहतो. तेच गिअर चाकाच्या शेजारी नेले तर मधली सगळी मंडळी जोरात पण हलकी फिरतात. ज्यांना माझं फक्त एकच ऐकायचंय त्यांनी हे ऐकावं. माझ्या ट्रकांत तुटणारे जॉइंट यामुळे जवळजवळ थांबले.

सातवी: युनिव्हर्सल जॉइंट

शाफ्टवर दोन जॉइंट असतील तर मधल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे चिमटे एकाच प्रतलात हवेत. एक उभा आणि एक आडवा झाला की झटके मिळतात. ३० अंश वाकलेला एकच जॉइंट एका फेरीत वेग कधी १३ टक्क्यांनी कमी तर कधी १५ टक्क्यांनी जास्त करतो. दुसरा नीट लावला तर तो हे पुसून टाकतो, चुकीचा लावला तर वाढवतो. अ‍ॅक्सल पाव फेरी फिरवून घाला, काम झालं.

आठवी: मागचे धुरे आणि वजन

वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर असतील तर एकाला घसरावंच लागतं, आणि रबरी टायर सहजी घसरत नाही. मागे दोन धुरे असतील तर प्रत्येकात डिफरन्शियल घाला. दोन धुऱ्यांच्या मधलं तिसरं मी सहसा घालत नाही. तेवढं घसरणं चालून जातं आणि जागा वाचते.

बॅटरी बॉक्स कॅबमध्ये लपवायला छान वाटतो. पण सहा सेलचं वजन पुढच्या चाकांवर आलं की स्टीअरिंगची मोटर गुदमरते आणि मागची चाकं जागेवर फिरत राहतात. बॉक्स दोन धुऱ्यांच्या मधे, ओढणाऱ्या चाकांकडे थोडा झुकवून ठेवा. आणि ट्रक वजनकाट्यावर ठेवाच एकदा. मला वाटायचं माझा दीड किलोचा असेल, निघाला सव्वादोन. आतून न दिसणाऱ्या भरीव विटा काढल्या तेव्हा गाडी हलकीही झाली आणि आतलं दिसायलाही लागलं.

शेवटी: गिअर बदलायचाच असेल तर

इतकं सगळं करून गाडी ढकलल्यावर छान घरंगळते, टक् टक् नाही, आणि तरी चढत नाही, तर आता गुणोत्तराला हात लावा. पण प्रमाण लक्षात घ्या. खऱ्या ट्रकचं चाक साधारण मीटरभर व्यासाचं, म्हणजे ६२.४ मिमीच्या टायरवर मॉडेल १:१६ चं होतं. युरोपात साध्या ट्रकची रुंदी जास्तीत जास्त २.५५ मीटर असते, त्याचे झाले १५९ मिमी, म्हणजे २० स्टड. ४३.२ मिमीचा टायर घेतला तर १:२३ आणि १४ स्टड. लहान प्रमाणात वजन झपाट्याने घटतं, म्हणून पहिलाच ट्रक असेल तर मी १:२३ सुचवतो. एक्सएल मोटर मात्र त्यात कोंबावी लागते, एल मोटर बसते.

एक्सएल मोटर मोकळी ९ व्होल्टवर मिनिटाला साधारण २२० फेरे घेते. १:३ गिअर आणि ६२.४ मिमीचं चाक धरलं तर सेकंदाला २४ सेंमी. १६ ने गुणलं तर खऱ्या ट्रकचे ताशी १४ किमी. १:५ केलं तर ८. आवारात माल उतरवणाऱ्या ट्रकसारखं दिसेल, पण चढेल. हायवेचा वेग आणि घाट दोन्ही एकाच गिअरमध्ये मागू नका.

इथे हात थांबवा

पुढचं काही दिसलं तर तपासण्या बंद करा, सेल काढा.

लिथियम बॅटरी फुगली असेल, म्हणजे बॉक्स उघडत नसेल किंवा झाकण वर आलं असेल, तर ती चार्ज करू नका, टोचू नका, दाबू नका. ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. यावर घरगुती उपाय नाही.

सेल गळून पांढरी भुकटी आली असेल तर हातमोजे घालून, व्हिनेगरने किंचित ओल्या केलेल्या कापसाच्या काडीने पट्ट्या पुसा आणि पूर्ण कोरड्या होऊ द्या. गळती आतल्या सर्किटपर्यंत गेली असेल तर तो बॉक्स इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या.

जुन्या वायरीचं आवरण बोटाने चुरा होत असेल, जळका वास येत असेल, किंवा प्लग लावताच बॉक्स गरम होत असेल, तर शॉर्ट आहे. चिकटपट्टी गुंडाळून चालवू नका. वायर बदलायला सोल्डरिंग येणारा माणूस लागतो. लहान मुलांच्या गाडीत तर हे पहिल्यांदाच त्याच्याकडे द्या.

आणि मोटर गाडीतून पूर्ण बाहेर काढून, दुसऱ्या चांगल्या बॅटरी बॉक्सला जोडूनही फिरत नसेल किंवा आत खरखरत असेल, तर ती खरंच गेली. उघडू नका. मी एक उघडली होती. आतला बारीक गिअर उडाला तो सोफ्याखाली गेला, आणि तो सापडल्यावरही झाकण पुन्हा नीट बसलं नाही. आता ती मोटर माझ्या ट्रकच्या हौद्यात माल म्हणून फिरते.